उत्सवाचा पेला

कोणता उत्सव कोणत्या पेयानें साजरा करावा हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला आहे, आणि त्याचा निकाल घरच्या गृहिणीनें लावावा हेंच योग्य. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या नागपूरच्या सुशिक्षित कुटुंबांतून हा प्रश्न स्वयंपाकघरांतून निघून दिवाणखान्यांत आला आहे. कॅलिफोर्नियांत किंवा न्यू जर्सींत स्थायिक झालेला मुलगा वैशाखांतील लग्नासाठीं सुटी काढून येतो. त्याच्या पेटींत सदऱ्यांच्या घड्यांमध्यें जपून ठेवलेली जाड हिरव्या कांचेची एक बाटली असते. ही अमेरिकन द्राक्षांची फेसाळ वाइन आहे, शँपेन नव्हे, पण शँपेनच्या तोडीची आहे, असें तो सांगतो. मग ती फ्रिजमध्यें दह्याच्या पातेल्याशेजारीं ठेवावी कीं नाहीं येथपासून, ती सर्व मंडळींसमक्ष उघडावी कीं नाहीं येथपर्यंत घरांत मतभेद होतात. आजी कांहीं बोलत नाहीं. वडील थोडा वेळ वर्तमानपत्राआड राहतात आणि शेवटीं म्हणतात, “वर न्या.” वर म्हणजे गच्चीला लागून असलेल्या खोलींत, चार तरुणांत, दार लोटून.

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न या ‘वर न्या’ मध्यें आहे. मद्यपान पाप आहे कीं नाहीं हा वाद फार जुना आहे आणि तो आम्हांस येथें करावयाचा नाहीं. ज्या घरांत मद्य निषिद्ध आहे त्या घराला आमचें कांहींच सांगणें नाहीं. तेथें प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्या घरानें पेला उचलण्याचें मनांत घेतलें आहे, पण ज्याला तो स्वच्छ नांव घेऊन, सर्वांच्या देखत उचलतां येत नाहीं, किंवा उचलला तर तो दारूचा नव्हेच असें भासवावें लागतें, त्या घराशीं आम्हांला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

ज्या वस्तूविषयीं निर्णय द्यावयाचा ती काय आहे हें आधीं जाणून घेणें बरें. द्राक्षांचा रस आंबवून प्रथम साधी, बिनफेसाची वाइन करितात. ती बाटलींत भरतांना तींत थोडी साखर आणि किण्व, म्हणजे यीस्ट, घालून तोंड बंद करितात. लिटरला सुमारें चोवीस ग्रॅम साखर पुरते. बंद बाटलींत पुन्हा किण्वन होतें. निघणाऱ्या वायूला वाट नसल्यामुळें तो द्रवांतच विरघळून राहतो आणि आंतला दाब सुमारें सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या जवळजवळ तिप्पट, होतो. पुढें बाटली हळूहळू उलटी करीत मृत किण्वाचा गाळ तोंडापाशीं आणावयाचा, मान गोठवून तो गाळ उडवून टाकावयाचा, मोकळ्या झालेल्या जागीं थोडी वाइन व चवीपुरती साखर घालून नवें बूच तारेनें आवळावयाचें, अशी ही चिकाटीची कृति आहे. शेवटच्या साखरेवरून नांव ठरतें. लिटरला बारा ग्रॅमपेक्षां कमी साखर असली तर ती ‘ब्रूट’. आणि गंमत अशी कीं ‘एक्स्ट्रा ड्राय’ असा शिक्का असलेली वाइन ब्रूटहून अधिक गोड असते, हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ जण दुकानांत फसतात. केवळ पांढऱ्या द्राक्षांची ती ‘ब्लां द ब्लां’; ही अंगानें हलकी व आंबटसर असल्यामुळें उन्हाळ्यास बरी, असें जाणते म्हणतात. ती सहा ते आठ अंश उष्णतेवर द्यावी. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जाऊन आलेला असतो. तेव्हां बर्फाच्या पाण्यांत बाटली अर्धा तास न बुडवितां ती उघडणारा यजमान पाहुण्यांस पेला न देतां स्नान घालतो.

अमेरिकेंत या वाइनचा इतिहास बाटल्या फुटण्यानेंच सुरू झाला. ओहायो नदीकांठच्या सिनसिनाटी गांवीं निकोलस लाँगवर्थ नांवाच्या एका धनाढ्य वकिलानें कॅटॉबा जातीच्या द्राक्षांचे मळे लावले, आणि १८४० नंतरच्या दशकांत त्याच्या तळघरांत ही फेसाळ वाइन तयार होऊं लागली. आंतल्या दाबानें एकेका हंगामांत हजारों बाटल्या फुटत. तेव्हां त्यानें फ्रान्समधून जाणते लोक आणविले. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा गृहस्थ स्वतःस मद्याचा प्रचारक समजत नसे; तो स्वतःस संयमाचा प्रचारक समजे. त्याच्या काळचे अमेरिकन लोक व्हिस्कींत बुडाले होते. त्यांच्या हातीं हलकी वाइन दिली तर ते व्हिस्की सोडतील, हा त्याचा युक्तिवाद होता, आणि त्याच्या आधीं अध्यक्ष जेफर्सन यांनींहि तोच केला होता. व्हिस्की सुटली नाहीं. द्राक्षवेलींवर रोग पडून लाँगवर्थचे मळे मात्र गेले. पुढें सोनोमा येथें बोहेमियांतून आलेल्या कॉर्बेल बंधूंनीं १८८२ पासून हा धंदा केला. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षें सबंध देशांत दारूबंदी झाली व बहुतेक मळेवाले बुडाले. १९६५ सालीं जॅक व जेमी डेव्हिस या दंपतीनें नापा खोऱ्यांतील श्रॅम्सबर्ग हा ओसाड पडलेला जुना मळा विकत घेतला, आणि तेथून अमेरिकन फेसाळ वाइनचा नवा अध्याय सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९७३ सालीं फ्रान्सच्या मोएत कंपनीनें नापांत आपली ‘शाँदों’ ही शाखा काढली. मागोमाग इतर फ्रेंच घराणीं आलीं. कॅलिफोर्नियाबाहेर ऑरेगनमध्यें व न्यूयॉर्कच्या सरोवरांकांठींहि ती होते, आणि ग्रुए या फ्रेंच कुटुंबानें तर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी पठारावर तिचे मळे लावले.

या नांवांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ‘शँपेन’ हें फ्रान्सच्या एका प्रांताचें नांव. त्या प्रांताबाहेरच्या वाइनला तें लावूं नये असा फ्रेंचांचा आग्रह. अमेरिकेनें २००६ सालीं युरोपाशीं करार करून तो नव्या उत्पादकांपुरता मान्य केला. पण ज्यांच्या चिठ्ठीवर ‘कॅलिफोर्निया शँपेन’ हे शब्द आधींपासून होते त्यांना ते वापरण्याची मुभा राहिली. परक्या गांवाचें नांव धारण केल्यानें पेयाची प्रतिष्ठा वाढते, हें अमेरिकन व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. आमच्याकडे याच्या उलट झालें. आमच्याकडे प्रतिष्ठा वाढविण्यासाठीं पेयाचें खरें नांवच काढून घेण्यांत आलें.

महाराष्ट्रांत फेसाळ वाइन नवी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें ती तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नांवानें परदेशीं पाठविली. माधव जूलियन यांच्या मराठी रुबायांवर पोसलेल्या आमच्या वाचकवर्गाला या नांवाचें कौतुक वाटावयास हवें होतें. पण खय्यामाचा पेला काव्यांत घेणें आणि नारायणगांवचा हातांत घेणें यांत अंतर होतें. पुढें १९९९ सालीं राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ ‘सुला’ काढली, २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण आंखलें, आणि २०१३ सालीं नापांतल्या त्याच शाँदोंची बाटली दिंडोरीच्या मळ्यांतून बाहेर पडली. तेव्हां कॅलिफोर्नियाहून चिरंजीवांनीं आणिलेली बाटली आणि दिंडोरीची बाटली या पुष्कळदां एकाच घरच्या चुलत बहिणी असतात. नाशिककडे द्राक्षें हिवाळा सरतां सरतां काढितात. फेसाळ वाइनसाठीं तीं जरा कोंवळीं असतांनाच तोडावीं लागतात, कारण आंबटपणा गेला कीं तिचा जीवच गेला.

२७ जानेवारी २०२२ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें तेव्हां मोठें वादळ उठलें. अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला. द्राक्ष-बागाईतदाराच्या हिताचा युक्तिवाद झाला. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पण त्याबरोबरच एका बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं वाइन म्हणजे दारूच नव्हे. आमच्या सुशिक्षित कुटुंबांनीं हें वाक्य जितक्या तत्परतेनें उचललें तितक्या तत्परतेनें शासनाचें दुसरें कोणतेंहि वाक्य उचललेलें आम्हांस आठवत नाहीं.

आतां साधें गणित पाहा. फेसाळ वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा सुमारें बारा असतो. दीडशें मिलिलिटरचा एक पेला घेतला तर त्यांत सुमारें चौदा ग्रॅम मद्यार्क येतो. आपल्याकडील व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा लहान पेग घेतला तर त्यांत सुमारें दहा ग्रॅम येतो. म्हणजे जी काकू “मी दारूला शिवत नाहीं, थोडी वाइन चालेल” असें म्हणते, तिनें कोपऱ्यांत पेग घेऊन बसलेल्या काकांपेक्षां अधिक मद्यार्क घेतलेला असतो. फेसाची गोष्ट याहून मौजेची. इंग्लंडांतील सरे विद्यापीठांत थोड्या लोकांवर केलेल्या, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं फेस मारलेल्या शँपेनपेक्षां फेसाळ शँपेन घेतल्यावर पहिल्या कांहीं मिनिटांत रक्तांतला मद्यार्क लवकर चढतो. ज्या बुडबुड्यांमुळें हें पेय निरागस, सरबतासारखें वाटतें तेच बुडबुडे त्याला घाईनें आंत नेतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं आरोग्यास निर्धोक असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं. इतकें कळल्यावरहि एखाद्यानें पेला घ्यावयाचा ठरविलें तर तो त्याचा अधिकार आहे. माणूस आपल्या सुखासाठीं पुष्कळ धोके पत्करतो, आणि तसें करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. धोका पत्करतांना त्याचें नांव बदलूं नये, एवढेंच.

‘एकच प्याला’ या नाटकाचा उल्लेख केल्यावांचून मराठींत या विषयावर लिहितां येत नाहीं, आणि नागपूरकरांस तर मुळींच नाहीं; कारण राम गणेश गडकरी यांचा अंत २३ जानेवारी १९१९ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील सावनेर येथें झाला, आणि त्याच वर्षीं तें नाटक गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. त्यांतला सुधाकर अडाणी नाहीं, कंगाल नाहीं. तो बुद्धिमान वकील आहे, म्हणजे तो आपल्यांतलाच आहे. त्याच्या हातीं पहिला पेला येतो तो व्यसनाच्या ओढीनें नव्हे. अपमानानें पोळलेल्या मनाला थोडा विसावा हवा असतो आणि तळीराम जवळ असतो. नाटकाचें नांव म्हणजेच पेला पुढें करणाऱ्याचें नेहमींचें बोलणें. आणि वधूवरांच्या नांवानें सर्वांनीं मिळून उचलावयाचा जो पेला, इंग्रज ज्याला टोस्ट म्हणतात, तो दुसरा काय आहे? तोहि एकच असतो. शंभरांतले नव्वदांहून अधिक लोक तो घेतात आणि घरीं जाऊन स्वस्थ झोंपतात, हें खरें आहे. गडकऱ्यांच्या नाटकाचा धाक घालून या लोकांना गुन्हेगार ठरविण्यांत अर्थ नाहीं. पण उरलेल्यांचें काय, हा प्रश्न यजमानाला टाळतां येत नाहीं. दोनशें माणसांच्या समारंभांत असा एखादा तरी गृहस्थ असतोच कीं जो वर्षभरापूर्वीं मोठ्या कष्टानें सुटला आहे, आणि त्याची पत्नी, शेजारीं उभी राहून, तबक त्याच्यापर्यंत केव्हां येतें याकडे पाहत असते. पंगतींत एखाद्यानें वांग्याची भाजी नाकारली तर कोणी कारण विचारीत नाहीं. टोस्टचें तसें नाहीं. तेथें सर्वांचे हात एकदम वर होतात आणि रिकामा हात दुरून दिसतो.

टोस्टच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तें हलकें नाहीं, आणि तें आम्ही दडविणार नाहीं. २५ फेब्रुवारी १९७२ रोजीं पेकिंगमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीं चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांना परतभोजन दिलें. त्या वेळीं त्यांनीं कॅलिफोर्नियाच्या त्याच श्रॅम्सबर्ग मळ्याची १९६९ च्या हंगामाची ब्लां द ब्लां तेथें नेली होती. वीस वर्षें एकमेकांशीं न बोललेलीं दोन राष्ट्रें. भाषा भिन्न, राज्यपद्धति भिन्न. चार दिवसांपूर्वीं चिन्यांच्या मेजवानींत अमेरिकन पाहुण्यांनीं चिनी माओताय घेतली होती. आतां चिन्यांनीं अमेरिकन पेला ओंठाला लावला. एकाच बाटलींतून दोघांनीं पिणें याचा अर्थ सर्व मानवजातीला कळतो: तुम्हीं जें दिलें तें आम्ही निःशंकपणें पोटांत घेतों. एवढें बोलण्यास करारनाम्याचीं कित्येक पानें लागलीं असतीं. अशा खुणेची गरज कुटुंबांनाहि असते. दोन अपरिचित घरें विवाहानें एकत्र येतात तेव्हां त्यांनाहि एकमेकांचें कांहींतरी ग्रहण करावें लागतें.

मात्र त्या खुणेला मद्यच लागतें काय? याचें उत्तर पुन्हा अमेरिकेनेंच दिलें आहे, तेंहि भर उन्हाळ्यांत. २२ जून २०२३ रोजीं वॉशिंग्टनला अध्यक्ष बायडेन यांनीं भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना राजभोजन दिलें. पाहुण्यांसाठीं पेयांच्या यादींत ‘दोमेन कार्नेरोस’ या नापा खोऱ्यांतल्या मळ्याची गुलाबी ब्रूट होती. तींत एका तांबड्या वाइनचें नांव ‘पटेल’ होतें, आणि ती १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातच्या सुपुत्रासमोर मांडली होती, हें वाचून आम्हांला थोडें हसूं आलें. पण गंमत पुढेंच आहे. यजमान मद्य घेत नाहींत आणि पाहुणेहि घेत नाहींत. दोघांनीं आल्याच्या सोड्याचे पेले उचलून टोस्ट केला. ज्यांना वाइन हवी होती त्यांच्या हातांत वाइन होती, आणि कोणाचा कांहीं अपमान झाला नाहीं. त्या वेळीं बायडेन यांनीं आपल्या आजोबांची एक समजूत सांगितली: पेल्यांत मद्य नसेल तर टोस्ट डाव्या हातानें करावा. ज्या आमच्या घरांत डाव्या हातानें प्रसाद घेतला तर मुलाला अजून दटावतात, त्या घरांतल्या माणसांना या समजुतीचा अर्थ तत्काळ कळेल. मद्यावांचूनचा आनंद दुय्यम, किंचित् अशुभ, अशी ती भावना आहे. आणि खेदाची गोष्ट ही कीं आमच्या तरुण मंडळींत ती आतां समुद्रापलीकडून येऊन रुजत आहे. वर, दार लोटून, जी बैठक बसते तिच्यांत न पिणाऱ्या मित्राची जी थट्टा होते ती या डाव्या हाताचीच आहे.

येथें कोणी वृद्ध वाचक समाधानानें मान डोलावतील आणि म्हणतील, आमचें पन्हें काय वाईट होतें? पन्हें उत्तम आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरीं गौरीपुढें कलिंगड कांतून, कैरीची डाळ वाटून, वेलदोड्याचें थंड पन्हें पेल्यांतून देण्याची जी पद्धत आहे तिच्याइतकी उन्हाळ्याला साजेशी दुसरी रीत आम्हांला कोठें आढळली नाहीं. नागपूरच्या उन्हांत तीन चार घरांचें हळदीकुंकू करून आलेली बाई पन्ह्यावांचून उभी राहती ना. पण त्या सुंदर समारंभाच्या दारांतून पिढ्यान्पिढ्या कोण परत गेलें, हें आपण विसरलों काय? त्याच घरांत, त्याच कैऱ्या किसणारी, तेंच पन्हें गाळणारी विधवा आत्या बैठकींत आली नाहीं. पेला तिला स्वयंपाकघरांतच मिळाला, आणि मिळाला म्हणजे उपकार. पेय निर्मळ होतें. समारंभ निर्मळ नव्हता. तेव्हां पेल्यांत काय आहे एवढें पाहून उत्सवाचें नैतिक मोल ठरवितां येत नाहीं. पेला कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो हेंहि पाहावें लागतें. पन्ह्याची परीक्षा या कसोटीवर घेतल्यावर वाइनचीहि त्याच कसोटीवर घेणें न्यायाचें होईल.

ती घेण्यासाठीं फार दूर जावयास नको. हें नागपूर शहर अठराव्या शतकाच्या आरंभीं वसविलें तें देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजानें. आमच्या शहराभोंवतालच्या जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं, पहांटे, मोहाचीं फुलें टपटप गळतात. बायकामुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात, वाळवितात. टंचाईंत तीं अन्न म्हणून खातात, एरवीं त्यांची दारू काढितात. गोंडांच्या घरीं जन्म, लग्न, मरण यांतलें कांहींच या दारूवांचून पुरें होत नाहीं, आणि पिण्यापूर्वीं दोन थेंब पितरांसाठीं जमिनीवर सोडण्याची चाल आहे. उन्हाळ्यांतील उत्सवाचें पेय, स्थानिक, पूर्वजांची आठवण ठेवून घेतलेलें! नापाच्या कोणत्याहि मळ्यानें आपल्या चिठ्ठीवर छापावें असेंच हें वर्णन आहे. परंतु इंग्रजांनीं १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. पुढें १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडानें आणि १९४९ सालीं मुंबई इलाख्यानें दारूबंदीचे कायदे केले. आणि आजहि वर्तमानपत्रांत ‘मोहफुलाचा सडवा नष्ट’ अशा मथळ्याखालीं मडकीं फोडणाऱ्या शिपायांचें छायाचित्र येतें. मडकीं ज्याचीं फुटलीं त्याचें नांव, वय, गांव छापलेलें असतें. त्याच कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मद्य घेणाऱ्यापाशीं परवाना असावा लागतो. ‘वर’ बसलेल्या चौघांपैकीं किती जणांच्या खिशांत तो असतो? त्यांच्याकडे शिपाई येत नाहीं. त्याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणींत तर कोणत्या वाइनबरोबर कोणतें चीज खावें याचें मार्गदर्शन असतें.

म्हणून मोहाची दारू मोकळी करावी असें आमचें म्हणणें आहे, असा कोणी अर्थ काढूं नये. शेजारच्या मध्यप्रदेशानें अलीकडे तिला वारसा-मद्य असें नांव देऊन बाटलींत भरण्यास परवानगी दिली आहे. त्यानें मोह वेंचणाऱ्याला काय मिळतें तें पुढें दिसेल. पण या प्रश्नाला दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनीं ती स्पष्ट सांगितली आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांच्या पुढाकारानें आणि गांवोगांवच्या स्त्रियांच्या रेट्यानें १९९३ सालीं दारूबंदी झाली. २०१० च्या डिसेंबरांत चंद्रपूर जिल्ह्यांतल्या स्त्रिया चिमूरहून पायीं चालत नागपूरच्या विधिमंडळावर आल्या. थंडीचे दिवस, अंगावर पातळ लुगडीं. त्यांची मागणी २०१५ सालीं मान्य झाली आणि २०२१ सालीं, चोरटी दारू बोकाळली या कारणानें, तो निर्णय फिरविण्यांत आला. या स्त्रियांनीं मद्याच्या पापपुण्याची चर्चा केली नव्हती. घरीं आलेली मजुरी कोठें गेली आणि रात्रीं कोणाच्या अंगावर हात पडला, एवढेंच त्या सांगत होत्या. त्यांच्यापुढें उभें राहून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हें वाक्य उच्चारून पाहावें. घशांतून बाहेर येणार नाहीं.

मग यजमानानें करावें काय? आमची सूचना अगदीं साधी आहे, आणि तिच्यानें कोणाचेंहि पूर्ण समाधान होणार नाहीं. जें घर वाइन देणार आहे त्यानें ती खालीं, सर्वांसमक्ष, रीतसर परवाना काढून द्यावी. आणि देतां येत नसेल तर वरहि देऊं नये. तबकांत पन्हें आणि वाइन सारख्याच पेल्यांत असावीं. पन्हें गाळून, पातळ करून, उंच पेल्यांत दिलें तर त्याचा रंग वाइनपासून फारसा निराळा दिसत नाहीं. पेला उचलण्याची घोषणा करणाऱ्यानें स्वतः पन्हें घ्यावें. म्हणजे घेणाऱ्याला संकोच नको आणि न घेणाऱ्याला कारण सांगावयास नको. मोटार चालविणाऱ्याला कोणी आग्रह करूं नये. मुलांनीं विचारलें तर “ही दारू आहे” असें सांगावें, “मोठ्यांचें सरबत” असें सांगूं नये. कित्येक घरांत हें वाचून बाटली तशीच परत पेटींत जाईल. तसें झालें तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं, कारण खरें नांव घेतल्याबरोबर जी वस्तु नकोशी होते ती मुळांत हवीच होती असें म्हणतां येणार नाहीं. कित्येक घरांत ती उघडली जाईल, वधूवरांच्या नांवानें पेले उचलले जातील, आणि त्या आनंदांत आम्हांला उणें काढावयाचें नाहीं.

एक अडचण मात्र या सूचनेनेंहि सुटत नाहीं. मंगल कार्यालयांत तें तबक घेऊन फिरणारीं मुलें अशा कामासाठीं हंगामापुरतीं बाहेरगांवांहून आलेलीं असतात. चिमूरकडचीं असतात, कुरखेड्याकडचीं असतात. पांढरा कोट, काळी बो, हातांत नापाचे बुडबुडे. त्यांतल्या एखाद्याच्या आईनें ती डिसेंबरची वाट तुडविली असेल, एखाद्याच्या बापाचीं मडकीं गेल्या महिन्यांत फुटलीं असतील. तो आपणांस कांहीं विचारीत नाहीं. आपण पेला घेतों, तो पुढें जातो, आणि रिकामे पेले गोळा करावयास अर्ध्या तासानें पुन्हा येतो.